आकड्याला नाव नसतं

२ नोव्हेंबर २००६, राळेगाव

पोचलो एकदाचा. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. कळंब सोडल्यावर दोन्ही बाजूंनी कापूस नुसता फुटलेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं न विचारताच मूठभर भुईमुगाच्या शेंगा हातावर ठेवल्या. म्हणे, खा पोरा, तोंड काहून असं आंबट करून बसला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

काम फुलचंद सेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. यवतमाळला मी ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसायचो, तिथं सेठचं मशीन दुरुस्तीला आलं होतं. ते सुरू करून दिलं तसं सेठनं विचारलं, भुईकाट्यावरचं वजन सरळ कॉम्प्युटरात आणता येईल का. मी हो म्हटलं. तेव्हा येत नव्हतं, पण येईल.

काट्याच्या केबिनच्या मागं खोली मिळाली आहे. काटा सांभाळतो लालसिंग. त्यानं विचारलं, इंजिनेर साहेब काय? मी सांगितलं की कॉलेज अर्ध्यात सोडलं. म्हणे, चालते, आपला काटाबी अर्धाच सुधारला हाये. त्याची बायको रुपीबाई माझ्या दोन वेळच्या भाकरीचं पाहणार आहे. गाठी बांधायच्या प्रेसचा फिटर इमरान आल्याआल्या माझ्या केसांवरून बोलला. हे त्याला शोभतं, कारण त्याला स्वतःला केस नाहीत.

दीपमालाला कळवायचं कसं, हा प्रश्न आहे. पुसदला तिसऱ्या वर्षाला असताना तिच्याबद्दल एक जण घाण बोलला आणि मी त्याला कँटीनच्या बाकावर आडवा केला. कॉलेजनं माफीनामा मागितला. मी दिला नाही, बॅग उचलली आणि निघालो. तेव्हापासून ती बोलत नाही. तिचं म्हणणं, मी तुला मारायला सांगितलं नव्हतं. खरं आहे, नव्हतं सांगितलं. आता संक्रांतीला हाताशी काम असलेला माणूस म्हणून तिच्यासमोर उभं राहायचं. तिळगूळ तरी देईल.

५ नोव्हेंबर

काम कळलं. काट्याच्या डब्यातून एक वायर निघते आणि त्यावरून वजन एकेक अक्षर करून कॉम्प्युटरकडे जातं. ती वायर लावायला यवतमाळहून माणूस यायचा आहे. तोवर हात बांधून बसायचं नाही म्हणून मी कॉम्प्युटरातच आभासी पोर्टांची जोडी केली. दोन पोर्टं, म्हणजे वायर खोचायच्या खोट्या जागा, मध्ये वायर नाही, बाहेर काही जोडलेलं नाही. एकावर माझा छोटा प्रोग्राम काटा बनून वजन बोलतो, दुसऱ्यावर खरा प्रोग्राम ते ऐकतो. भातुकलीच म्हणायची.

खोटं वजन काहीतरी द्यायला हवं होतं. मी ५१.५ टाकलं.

पुसदच्या स्टँडवर लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन आहे. दीपमाला त्यावर चढली होती आणि मी तिकीट ओढून आकडा मोठ्यानं वाचला होता. सगळं स्टँड ऐकत होतं. तिनं दंडावर असा चिमटा काढला, की दोन दिवस निळं होतं. दिवसभर तो आकडा पोर्टावरून येत राहतो. काम करता करता नजर जाते. बरं वाटतं.

९ नोव्हेंबर

वायर लागली. आधी नुसता कचरा आला, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. काट्याचा बोलायचा वेग वेगळा, माझा ऐकायचा वेगळा. वेग जुळवला तरी मधूनच एखादं अक्षर फुटायचं. मग प्रत्येक अक्षराच्या शेपटीला जो तपासणीचा बिट असतो तो सम केला आणि वजन स्वच्छ उमटलं. लालसिंगनं टाळी वाजवली.

आज काटापूजन झालं. नारळ, हळद-कुंकू, कापसाची पहिली बैलबंडी आणणाऱ्याला दुपट्टा. बैलांनाही कुंकू लावलं. बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. बंडीवाल्यांनी भाकरी सोडल्या त्या बंडीखालीच. पावती मशीनमधून निघते म्हणून सगळे खूश. छापलेलं वजन म्हणजे खरं वजन, असं एक जण म्हणाला.

१२ नोव्हेंबर

सेठनं बोलावलं. आतापर्यंत माल ओला आहे म्हणून दर क्विंटलला थोडं वजन कापायचे, त्याला इथं कट्टी म्हणतात. लालसिंग ती तोंडानं सांगायचा आणि रोज गेटवर शिव्या खायचा. सेठ म्हणे, आता मशीनच कापू दे. पावतीवर दिसायलाच नको. मग भांडणार कोणाशी, कॉम्प्युटरशी?

माझं डोकं सटकलं. ही चोरी आहे असं तोंडावर बोललो. सेठ चिडला नाही. म्हणे, तू लिहिलं नाही तर दुसरा लिहीन, यवतमाळात पोरांची कमी नाही. चहा मागवला.

लिहिलं. एक ओळ. दर बंडीमागे थोडंसं खाली. तपासायचं कशावर? आभासी पोर्ट उघडंच होतं. ५१.५ वर चालवून पाहिलं. कापलं. बरोबर चालतं.

संध्याकाळी सेठनं प्रोग्रामची सीडी करून घेतली. ढाणकीला त्याचा दुसरा काटा आहे. तिथंही बसवणार.

१८ नोव्हेंबर

आभासी पोर्टावर ५०.५ आहे.

तो आकडा मी एकदाच लिहिला होता, त्याला बदलायला कुणी सांगितलेलं नाही. कोड वरपासून खालपर्यंत वाचला. बाहेरच्या काट्याचं काही आत येतंय का पाहिलं. तेही शक्य नाही, भुईकाटा पाच किलोच्या पटीतच बोलतो, अर्धा किलो त्याला उमगत नाही. दोन्ही प्रोग्राम बंद करून ते पोर्ट नुसतं ऐकायला उघडलं. मशीन म्हणे, पोर्ट आधीच वापरात आहे. कोण वापरतंय ते सांगत नाही.

जोडी काढून टाकली, मशीन पुन्हा सुरू केलं. यादीत पोर्ट फिकट अक्षरांत तसंच. त्यावर ५०.०.

इमरानला दाखवलं. म्हणे, तुझी मशीन उपासतापास करून राह्यली भाई. आज शनिवार आहे ना.

२३ नोव्हेंबर

४८.५.

एसटीडीवरून पुसदला हॉस्टेलवर फोन लावला. दीपमालाची खोलीतली मैत्रीण नसरीन बोलली. आधी तिनं मला झाडून घेतलं, आत्ता आठवण आली का तुले, म्हणून. मग म्हणाली, तिची तब्येत काही बरोबर नाही. खाते, अंगाला लागत नाही. कुर्ते खुंटीवर टांगल्यासारखे दिसतात. डॉक्टरनं रक्त तपासलं, काही नाही निघालं. मी वजन विचारलं. नसरीन हसली, म्हणे, असं कोण विचारते पोरीचं. मी ओरडलो. मग तिनं सांगितलं, काल दवाखान्यात केलं होतं.

४८.५.

फोन ठेवला. दुकानदारानं सुटे परत दिले ते घ्यायचे राहिले. मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही. पाय आपोआप जिनिंगकडे वळले आणि वाटेत मी एका बंडीच्या मागं चालत होतो.

२६ नोव्हेंबर

कट्टीची ओळ काढली. सेठला दुपारीच कळलं. सगळ्यांदेखत बोलला. मी ऐकून घेतलं. पुसदला असतो तर त्याला तिथंच धरला असता. पण इथून हाकललं तर हे मशीन हातून जाईल. ओळ सेठसमोरच परत टाकली.

मधल्या तासाभरात इथं कट्टी नव्हती, तरी पोर्ट उतरलं. ढाणकीचा काटा चालू होता.

दुपारी भारनियमन. मशीन बंद, सरकी काढायचे रेचे बंद, सगळं चूप. वीज आली तेव्हा आकडा आणखी खाली होता. मशीन बंद ठेवून फायदा नाही. फोडून तर नाहीच नाही.

एवढं समजलं. कट्टी थांबवणं माझ्या हातात नाही. कोणावर पडायची, ते तेवढं माझ्या हातात आहे. तो आकडा अजून बदलता येतो.

२८ नोव्हेंबर

शून्य टाकलं. प्रोग्राम म्हणतो चुकीचं वजन, आणि जुनाच आकडा घेतो. ही तपासणी माझीच. मोठा आकडा टाकला, पाचशे. घेत नाही. चाचणीसाठी जागा मी दोनच अंकांची ठेवली होती, वर अर्धा.

मग दहा टाकायला बसलो होतो. दहा किलोचं काय असतं ते रुपीबाईच्या अंगणात रांगताना दिसत होतं. खोडलं.

सेठचा टाकतो. त्याची ओळ, त्याची कट्टी.

गाठी तोलायच्या लहान काट्याला अर्धा किलो कळतो. सेठला म्हटलं, काटा तपासायचा आहे, जरा उभे राहा. तो खुशीत चढला. ७८. इमरानलाही चेव आला, सेठला ढकलून तोही चढला, म्हणे आपणबी तोलून पाहू. सगळे हसत होते. मी त्याच्या आकड्याकडे पाहिलं नाही. केबिनमध्ये गेलो आणि ७८ टाकलं.

१ डिसेंबर

नसरीनचा निरोप. दवाखान्यात भरती केलेल्या दीपमालाचं उतरणं थांबलं. वरण-भात मागून खाल्ला.

मी जेवलो नाही. पोर्टावर ७६.५. सेठ दिसला की त्याच्या मानेकडे पाहतो, सैल झाली का म्हणून. नाही झाली. तिसरी जिलेबी उचलत होता.

४ डिसेंबर

इमरान आज प्रेसवर चढता चढता बसला. कमरेला सुतळी बांधली आहे, पट्ट्याची भोकं संपली म्हणे. घरी अम्मीनं नजर उतरवली. माझ्याकडे पाहून म्हणतो, तू काहून असा पाहून राह्यला बे, मेल्यावर पाहतात तसा?

गाठीच्या काट्यावर नेला. पोर्टावर जो आकडा होता तोच.

त्या दिवशी किती होतं, विचारलं. म्हणे, सेठएवढंच की. अठ्ठ्याहत्तर. सेठ म्हणत होता ना, साला नौकर माझ्याइतका खाते.

वायरीवरून फक्त आकडा जातो. नाव जात नाही. नावाची जागा मी ठेवलीच नव्हती.

६ डिसेंबर

आई विहारात गेली असेल आज. मीही जायला हवं होतं.

काल काटा तपासायच्या नावाखाली जिनिंगमधल्या सगळ्यांना तोललं. रेच्यावरच्या बाया, हमाल, चौकीदार. बाया लाजत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. माझ्या आकड्याचं इथं दुसरं कोणी नाही. बाहेर कोणी असेल तर माहीत नाही. एवढं मोठं जग आहे.

६१ टाकलं. माझं.

११ डिसेंबर

माझंच उतरतंय. खात्री केली. समाधान वाटायला हवं. वाटत नाही.

दुखत नाही. बोटांची टोकं आधी गेली. चहाचा पेला गरम आहे हे बघून कळतं, धरून नाही. रुपीबाई म्हणते, पोरगं प्रेमात पडलं की असंच होते, भाकर गिळत नाही. दोन भाकरी जास्त वाढते. मी खातो सगळ्या.

इमराननं सुतळी सोडली, पट्टा लावला.

दीपमाला कॉलेजात जायला लागली. तिनं नसरीनला विचारलं म्हणे, तो कसा आहे. तो म्हणजे मी.

१९ डिसेंबर

पोर्टावर सकाळी ५४ होतं. रुपीबाई चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. लालसिंगनं धरून उभी केली. म्हणे, कालपर्यंत मोळी उचलून राह्यली होती.

मी काट्यावर चढलो. कालचाच. पोर्ट खाली गेलं, मी नाही.

तिला तोललं. पोर्टाबरोबर ती—

रुपीबाईचा आकडा चौपन्न. माझा उतरत उतरत तिच्यापाशी आला, आणि ते तिच्यावर गेलं. मले सोडलं. त्याले काय फरक. आकडा तोच.

पळत जाऊन माझा पुन्हा टाकला. संध्याकाळी ती उठली. मला शिव्या दिल्या, काहून नुसता पाहत बसला, पाणी तरी दे.

पाणी दिलं. पेला हातातून पडला. कळलं नाही.

२५ डिसेंबर

नसरीन खुशीत होती. दीपमालाला दवाखान्यातून सोडलं केव्हाच, आता नुसती खाते म्हणे. वजन वाढून राह्यलं. मी नको म्हणत होतो, सांगू नको, तरी सांगितलंच. ४८.

मी ५१.

आणखी सांगितलं. दीपमालाचा राग गेला. येणार आहे. राळेगावला. मले पाहायले.

ती वर येऊन राह्यली. मी खाली चाललो. मधात कुठंतरी भेटू.

२७ डिसेंबर

नसरीनला म्हटलं, तिले सांग जेवू नको. काही दिवस नको जेवू. नसरीन म्हणाली, तू बरा नाहीस. फोन ठेवला.

तिथं भेटलो की कोणावर जाईल. माझा पुन्हा टाकला तरी तो तिचाबी असणार. एकच आकडा. दोघांचा.

रस्त्यावर जाऊन बंड्या अडवल्या. परत जा म्हटलं, वजन खोटं आहे, कट्टी आहे. एक जण म्हणे, माहीत आहे बाबू, कट्टी कुठं नाही. दोन रात्री रस्त्यावर काढल्या, आता बाजूला हो. धक्का मारला नाही त्यानं. हात लावला नुसता. मी शेताच्या धुऱ्यावर जाऊन पडलो.

सगळे घाबरले. एवढं हलकं माणूस—

२८ डिसेंबर

५०.

लिहिताना पेन दाबून धरावं लागतं. डाव्या हातानं उजवा धरला आहे. भीती कुठं आहे ते शोधतो. असेल. पोचत नाही.

२९ डिसेंबर

ऊन चढलं. बंड्या पार वळणापर्यंत. लालसिंग हाका मारतो, साहेब, पहिली घ्या.

नसरीनचा फोन आला होता सेठच्या ऑफिसात. दीपमाला निघाली. सकाळच्या एसटीनं. स्टँडवर तिनं त्या लाल-हिरव्या मशीनवर वजन केलं, हसत होती म्हणे. नसरीनला म्हणाली, सांग त्याले, आता मोठ्यानं वाच म्हणावं.

४९.

पोर्टावर ४९.५.

एक बंडी. फार तर दोन. ढाणकीलाबी रांग असेल.

वही कीबोर्डाजवळ ठेवली आहे. लिहितो म्हणजे हात गुंतलेला राहील. हात थांबला की तो तिकडे जातो. रुपीबाईचा आकडा माहीत आहे. चौकीदाराचा माहीत आहे. सगळ्यांचे आहेत, मीच तोलले. एकेक पाठ आहे.

लालसिंगनं घंटी दाबली. बंडी काट्यावर चढून राह्यली. बैलाच्या घुंगरांचा आवाज—

इमरान दारात. दोन चहा. म्हणे, घे बे, तुझ्यासाठी जास्त साखरेचा सांगितला, जरा भर अंगानं. हसून राह्यला. पट्टा आवळून लावला आहे त्यानं. भरला आहे पुन्हा. पूर्वीएवढा. सेठएवढा.

म्हणे, काय टाकून राह्यला.

सात दाबला. बोटाले लागलं नाही, पडद्यावर दिसला म्हणून कळलं. सात. तो चहा ठेवून राह्यला माझ्या हाताजवळ, सांभाळून, सांडू नये म्हणून, आणि मी दुसरा आकडा